गोष्टीचा तास परत द्या : शाळेच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

माननीय विश्वस्त आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नातवाने दप्तर सोफ्यावर टाकलं आणि डायरीत चिकटवलेलं नवं वेळापत्रक माझ्यापुढे धरलं. "आजी, गोष्ट कुठे गेली?" तो सातवीत आहे. बुधवार आणि शुक्रवारच्या शेवटच्या चौकटीत इतकी वर्षं 'गोष्ट' असा एकच शब्द असायचा. आता तिथे 'आकलन सराव' असं छापलंय.

मी शाळेत फोन केला. मग स्वतः येऊन भेटले. मग दोन पत्रं दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता उघड लिहिते आहे. हे पालकांनी वाचावं, शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वाचावं, आणि मुलांच्या वाचनाची काळजी असलेल्या बडोद्यातल्या कुणीही वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

आपल्यापैकी काहीजण मला ओळखतात. या शाळेत सहावी ते आठवीला मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. समितीतले दोघेजण तर माझ्याच वर्गातले, खिडकीकडच्या बाकावर बसणारे. गोष्टीचा तास मी सुरू केलेला नाही, त्याचं श्रेय माझ्या आधीच्या बाईंचं. मी रुजू झाले तेव्हा त्यांनी गोष्टींच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एवढंच सांगितलं, "गोष्ट वाचून झाली की लगेच प्रश्न विचारू नकोस. थोडं थांब." ते थांबणं शिकायला मला दोन वर्षं लागली. त्या तासात नेमकं काय व्हायचं हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनीच तो रद्द केला असावा असं मला वाटतं. म्हणून आधी तेच सांगते.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास मी वर्गात दीड पानाची एक गोष्ट वाचायचे. मीच लिहिलेली, साधीच. दोन भाऊ आदल्या रात्री पतंगांना किन्ना, म्हणजे मांजा जोडायचे दोरे, बांधत बसलेत. दरवर्षी पतंग दादाच्या हातात आणि फिरकी धाकट्याच्या. यंदा मात्र दादा पतंग धाकट्याला देतो आणि स्वतः फिरकी धरून मागे उभा राहतो. मधेच आई खालून हाक मारते, "लोणच्याची बरणी कपड्यांत नीट गुंडाळ रे, बॅगेत फुटेल." संध्याकाळी तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला लावलेले कंदील, चढतात. दादा उरलेला मांजा सावकाश गुंडाळतो आणि फिरकी धाकट्याच्या दप्तरात ठेवून देतो. गोष्ट तिथेच संपते.

एका वर्षी सातवीत एक मुलगी होती. जूनपासून जानेवारीपर्यंत वर्गात तिने तोंड म्हणून उघडलं नव्हतं. उताऱ्यावरच्या प्रश्नांत तिला पाचात दोन, फार तर अडीच गुण मिळायचे. त्या दिवशी गोष्ट संपली, मी थांबले. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा होता. मग ती म्हणाली, "दादा पुढच्या वर्षी पतंग चगवायला नाही येणार."

"कशावरून गं?"

"बरणी."

पुढच्या बाकावरचा मुलगा उसळून म्हणाला, "येईल की! सुट्टी काढून येईल." ती त्याच्याकडे वळली. "मग फिरकी माळ्यावर ठेवली असती. दप्तरात कशाला ठेवेल?"

दादा गाव सोडून चाललाय हे गोष्टीत एकाही वाक्यात लिहिलेलं नाही. दादा मागे उभा राहतो, आई बरणीचं सांगते, फिरकी दप्तरात जाते. तीन ठिकाणची तीन वाक्यं तिने मनात एकत्र आणली आणि न लिहिलेलं वाचलं. आकलन म्हणतात ते हेच. वर्षभर दोन-अडीच गुण घेणाऱ्या मुलीला ते येत होतं, आणि आमच्या उताऱ्यांना ते कधी दिसलं नव्हतं.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार नव्या सराव-पुस्तिकेबद्दल. तीत सत्तर उतारे आहेत, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. बहुतेक उतारे मोठ्या मजकुरातून कापून घेतलेले आहेत. माझी पतंगाची गोष्ट त्यात घ्यायची झाली तर शेवटच्या दहा ओळी घेतल्या जातील आणि बरणी बाहेर राहील. मग प्रश्न काय उरेल? 'दादाने फिरकी कुठे ठेवली?' उत्तर, दप्तरात. गुण मिळाला, गोष्ट गेली.

मुलं ही पुस्तिका कशी सोडवतात तेही पाहिलं. नातू आधी प्रश्न वाचतो, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधतो, त्याच्या शेजारचा शब्द उचलतो आणि खूण करतो. उतारा तो वाचतच नाही. एका संध्याकाळी मी त्याला कागदावर एक वाक्य लिहून दिलं : 'लुमट्या खिरव्याने सांजेला पाटुळात भिंगळ पुरलं.' खाली प्रश्न लिहिला : 'खिरव्याने भिंगळ कुठे पुरलं?' त्याने पेन न थांबवता लिहिलं, पाटुळात. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय केलं त्याने?" तर म्हणतो, "ते काही विचारलं नाही ने, आजी!" बहुतेक शब्दांना अर्थच नसलेल्या वाक्यावर त्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते. तो हुशार मुलगा आहे. आपण त्याला जे शिकवतो आहोत, तेच तो शिकतो आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते.

दुसरी तक्रार थोडी खोलातली आहे. आकलन हे सुटं कौशल्य आहे, एकदा घोटून घेतलं की कुठल्याही मजकुराला लावता येतं, असं गृहीत धरून ही योजना आखलेली दिसते. तसं ते नाही. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी बाहुल्या हलवून, वाचलेलं करून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. ज्या गोष्टीबद्दल आपल्याला आधी काही माहीत असतं, ती आपण नीट वाचतो.

हे मला अमेरिकेने शिकवलं असं नाही. सहावीतल्या एका मुलाला विहिरीतून बैलांनी पाणी ओढायच्या मोटेवरच्या उताऱ्यात दहापैकी तीन गुण पडले होते. नाडा, थारोळं, धाव यातलं एकही त्याने पाहिलेलं नव्हतं. जन्म शहरातल्या वाडी भागात, जुन्या गल्लीत म्हणजे पोळात, शेत पाहिलं ते आगगाडीच्या खिडकीतून. पुढच्याच आठवड्यात खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्यावरची लांबलचक गोष्ट मी वाचली, तेव्हा त्याने मला हिशोबातली एक चूक दाखवली. मूल तेच होतं, आठवडा तेवढा मधे गेला होता. आता मोट, ओसरी, वळचण, उंबरठा हे शब्द आमच्या फ्लॅटमधल्या मुलांना कुठून मिळणार? घरी गुजराती मिसळलेली मराठी, वर्गात इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी. मराठीतलं जुनं जग त्यांच्याकडे येतं ते एकाच वाटेने, गोष्टीतून. गोष्टीत वळचणीखाली पावसात उभी राहिलेली मुलगी असते, म्हणून वळचण कळते. शब्दार्थांच्या यादीतली वळचण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसली जाते. पुस्तिकेत एकामागून एक येणारे उतारे, आज ज्वालामुखी, उद्या मधमाशी, परवा थोर पुरुष, मुलाच्या डोक्यात कुठलंच जग उभं करत नाहीत.

तिसरी तक्रार वर्गातल्या शांततेची. नव्या तासाला मुलांनी बोलायचं नाही, कारण ती चाचणी आहे. अहो, वाचलेलं समजतं ते बोलताना! अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम शिक्षणशास्त्र शिकलेल्या अनेकांना ठाऊक असेल. सातवीतली, अक्षरं फडाफडा वाचणारी पण अर्थ न लागणारी मुलं त्यांनी घेतली. त्यांचे छोटे गट केले आणि चार कामं वाटून दिली : पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, प्रश्न काढायचा, अडलेलं सोडवायचं, थोडक्यात सांगायचं. गटाचा शिक्षक पाळीपाळीने एकेक मूल. ती मुलं झपाट्याने सुधारली. आमच्या वर्गात याचं नाव होतं 'आज मास्तर कोण?' मास्तर झालेल्या मुलाला खडू मिळायचा, आणि त्या खडूसाठी रडारड व्हायची. या चार कामांपैकी एकही काम पर्यायाच्या गोलावर खूण करून होत नाही.

चौथी तक्रार ग्रंथालयाची, आणि ती तातडीची आहे. पहिल्या मजल्यावरची खोली स्मार्ट क्लाससाठी दिलीत. फळा नवा आला याचं मला वाईट वाटत नाही. पण पुस्तकं पोत्यांत भरून तळमजल्यावर, जिन्याखाली टाकली आहेत. मी वाकून पाहिलं, खालच्या पोत्याला ओल आलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या पोत्यांत पन्नास-साठ वर्षांचे दिवाळी अंक आहेत, माझ्या आधीच्या बाईंनी स्वतःच्या हाताने बांधून घेतलेले. ते पुन्हा कुठेही मिळणार नाहीत.

पाचवी एका वाक्यात : माझ्यानंतर आलेल्या बाई गेल्या वर्षी सोडून गेल्या, त्यांची जागा भरलेली नाही, आणि मराठीचे तास ज्याचा तास मोकळा असेल तो शिक्षक घेतो.

आपली बाजूही मला माहीत आहे. पालक गुण मागतात. पटसंख्या घटते आहे. शेजारच्या इंग्रजी शाळेने चाचण्यांची जाहिरात लावली की आपल्यालाही काहीतरी दाखवावं लागतं. मुलांच्या वाचनाची काळजीही खोटी नाही. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. आपण शहरात आहोत, म्हणून निर्धास्त राहावं अशी स्थिती इथेही नाही, आणि सहावीत येणाऱ्या मुलांचं वाचन वर्षागणिक अडखळत चाललेलं मी स्वतः ऐकलं आहे. दुखणं खरं आहे. आपण निवडलेलं औषध चुकीचं आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्याला वाचायचा कंटाळा आहे, त्याला वाचण्याजोगं काही न देता रोज त्याची परीक्षा घेत राहिलं तर तो वाचेल कसा? आणि नियमांचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गोष्टींच्या आधारे शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, तोही शाळेच्या सर्व टप्प्यांसाठी. गोष्टीचा तास ठेवला म्हणून आपल्याला कोणी जाब विचारणार नाही.

आणि हे बडोद्यात घडावं, याचं मला जास्त लागतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. पण मुलांना अक्षरओळख झाली की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. शिकलेला माणूस वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यात आणलं. गावोगाव वाचनालयं उघडली, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशीचे मजले आहेत. मी दर वर्षी सहावीला तिथे न्यायचे, आणि मुलं त्या फरशीवर पाय ठेवायला आधी घाबरायची. शंभर वर्षांपूर्वी ज्या राज्याने खेड्यात पुस्तकांच्या पेट्या पोचवल्या, त्याच्या राजधानीत आपण पुस्तकं पोत्यात भरतो आहोत.

बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेकाही याच गुजरातचे. भावनगरच्या बालमंदिरात त्यांनी गोष्टीला अभ्यासाच्या बरोबरीचं स्थान दिलं, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून काम केलं ते आपल्या ताराबाई मोडकांनी. ताराबाई पुढे बोर्डी आणि कोसबाडला गेल्या आणि तिथेही मुलांना गोष्टी सांगत राहिल्या. गुजराती आणि मराठी शिक्षणाचा इतका जवळचा धागा आपल्या हातात आहे. २०१८ मध्ये ९१वं साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा आपल्या शाळेची मुलं ग्रंथदिंडीत चालली होती. त्यांच्या डोक्यावरची पुस्तकं याच कपाटातली होती. मी मोजून दिली होती आणि मोजून परत घेतली होती.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बुधवार आणि शुक्रवारचे दोन्ही तास सहावी ते आठवीला या महिनाअखेरपर्यंत पूर्ववत करावेत. वेळापत्रक वर्षाच्या मधे हलवणं अवघड असेल तर शुक्रवारचा तास आत्ता द्या आणि बुधवारचा दिवाळीनंतर, पण ते लेखी कळवा. सराव-पुस्तिका घरी सोडवायला द्यायला माझी हरकत नाही, तासाला मात्र पूर्ण गोष्ट वाचली जावी, तुकडा नव्हे.

सहामाही आणि वार्षिक परीक्षेत मराठीच्या पेपरात न शिकवलेली एक छोटी गोष्ट पूर्ण छापावी, आणि तिच्यावरच्या निदान दोन प्रश्नांत 'कशावरून?' असं विचारावं. मुलांनी उत्तर स्वतःच्या वाक्यात लिहावं. तपासायला वेळ लागतो हे मी जाणते, अठ्ठावीस वर्षं तपासलं आहे. मराठीच्या शिक्षकाची जागा भरावी, आणि ती भरेपर्यंत हे तास घ्यायला मी विनामानधन तयार आहे. माझ्या माहितीतल्या आणखी दोन निवृत्त शिक्षिकाही तयार आहेत. वेळापत्रक ठरवण्याआधी पालकांची एक सभा घ्यावी आणि त्यात या पुस्तिकेचा एक उतारा आणि एक पूर्ण गोष्ट, दोन्ही त्यांच्यासमोर वाचून दाखवावीत. मग त्यांनीच सांगावं.

पुस्तकांचं मात्र महिनाअखेरीवर टाकू नका. पाऊस कोणासाठी थांबणार नाही. खोली परत मिळत नसेल तर प्रत्येक वर्गात एक कपाट द्या, चाळीस पुस्तकं त्यात सहज मावतात. तोवर ती पोती निदान वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात हलवा.

येत्या शनिवारी सकाळी दहाला मी शाळेत येते आहे. ओली पुस्तकं वेगळी काढायला, पानांत वर्तमानपत्राचे कागद घालायला दोन-तीन माणसं लागतील. आठवीतली चार मुलं येतो म्हणाली आहेत, त्यांना अडवू नये एवढी विनंती. गोष्टींचं जुनं कपाट स्टाफरूमच्या मागे बंद पडून आहे. मी निवृत्त झाले तेव्हा त्याची दुसरी किल्ली कोणाकडे द्यायची ते ठरलं नव्हतं, ती माझ्याकडेच आहे. ती घेऊन येते.

आपली,
शाळेची माजी मराठी शिक्षिका आणि सातवीतल्या एका विद्यार्थ्याची आजी
बडोदे